ऑल्टमध्ये काय लिहायचं

नाशकात एचटीएमएल शिकवणारा माझ्यासारखा मास्तर दुसरा झाला नाही. मी चौथी नापास, आणि इंग्रजीतलं मला आजही तेवढंच वाचता येतं जेवढं दोन टोकदार कंसांच्या मधे लिहिलेलं असतं.

खोटं वाटेल, पण पंचवटीतल्या माझ्या दुकानात कॉलेजची पोरं शिकायला यायची. दुकान म्हणजे एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक पंखा, आणि पंखा बंद केला तरच चालणारा एक प्रिंटर. बाहेर पाटी मीच रंगवलेली: लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, इंटरनेट, वेबसाइट बनवून मिळेल. पाटीवर जागा संपली म्हणून 'मिळेल' खाली भिंतीवर लिहिलं. भाजीबाजारातनं येणाऱ्या बायका नुसतं भिंतीवरचं 'मिळेल' वाचून आत डोकवायच्या. "काय मिळतं रे इथं?" मी म्हणायचो, "मार सोडून सगळं."

पोरांचे प्रश्न रोज तेच. शेवटी मी मोठा कागद घेतला, त्यावर प्रश्न आणि उत्तरं लिहून भिंतीला चिकटवला. कुणी तोंड उघडलं की मी मागं न बघता अंगठा दाखवायचो, कागद वाच. तरी ती विचारायचीच, कारण त्यांना उत्तर नको असायचं, माझ्या तोंडून ऐकायचं असायचं.

"मास्तर, टॅग उघडला आणि बंदच नाय केला तर?"

"संडासाचं दार बंद नाय केलं तर काय होतं? तुला काय वाटत नाय, बाकीच्यांना दिसतं."

"एच वन किती टाकायचे पानावर?"

"गावात पाटील किती असतो? एक." असं सांगणारा मी स्वतः एका पानावर सात पाटील बसवायचो, कारण एच वन टाकला की अक्षर मोठं दिसतं.

"ठळक करायला बी टाकू का स्ट्राँग?"

"दिसायला दोन्ही सारखंच. ज्याच्यात बोट कमी झिजतं तो टाक."

"मराठी कसं टाकायचं?"

हे माझं सगळ्यात लाडकं उत्तर होतं. आपण पत्रिकेच्या फॉन्टात मराठी लिहिलं, तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते शिव्या दिल्यासारखं दिसायचं, कारण तो फॉन्ट त्याच्याकडं नसायचा. म्हणून मी मराठी मजकुराचा फोटोच करायचो आणि पानावर चिकटवायचो. अक्षर कुठंच मोडत नाय. नाशकातल्या आम्हा पत्रिकावाल्यांची ही युक्ती. आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो.

आणि शेवटचा प्रश्न. पानावर फोटो टाकला की त्याच्याबरोबर एक जागा येते, तिला ऑल्ट म्हणतात. फोटो दिसला नाय तर त्याच्या जागी चार शब्द असावेत म्हणून ती.

"मास्तर, ऑल्टमध्ये काय लिहायचं?"

"रिकामं ठेव. फोटो समोर ढळढळीत दिसतोय, वर लिहून कुणाला सांगतो? आंधळ्याला?"

पोरं खदाखदा हसायची. माझ्या सख्ख्या बहिणीचे डोळे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मला अक्षर शिकवलं ते ताईनंच. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी एका छापखान्यात पत्रिकांना गोंडे बांधायचो. लाल-सोनेरी दोऱ्याचा गोंडा, तो पत्रिकेच्या कोपऱ्याला लावायचा, दिवसाला हजार. छापखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि मालकानं विचारलं, कुणाला चालवता येईल? मी हात वर केला. का केला ते आजही माहीत नाय. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणली, "याला एबीसीडी तरी येते का? शिकव गं याला, नायतर तोंडावर आपटंल."

आई बाजारात कोथिंबीर विकायची. ताई दहावी पास. आमच्या घरात दहावी पास म्हणजे कलेक्टरच. तिनं वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठीवर मला अक्षरं काढून दिली, पण ए, बी, सी अशी नाय. कीबोर्डावर असतात तशी. क्यू, डब्ल्यू, ई, आर. म्हणली, "तुला परीक्षा द्यायची नाय, टायपायचंय. बोटाला जिथं घर तिथं अक्षर." मला आजही एबीसीडी त्याच क्रमानं येते. कुणी एपासून सुरू केली की मी हरवतो.

शिकवता शिकवता ती कागद डोळ्याजवळ न्यायची. संध्याकाळी म्हणायची, "दिवा लाव की रे." दिवा लागलेला असायचा. आम्हाला वाटायचं, नंबर वाढला असंल. डॉक्टरनं सांगितलं डोळ्यातला पडदा सुकत चाललाय, याला औषध नाय. तोवर तिचं लग्न ठरलं होतं. दाजी नांदगावचे, एसटीडी बूथवाले. त्यांना सगळं खरं सांगितलं, तरी त्यांनी लग्न केलं. असा माणूस. मी असतो तर पळालो असतो.

पुढं माझं दुकान झालं, इंटरनेट आलं. मी दुसऱ्याच्या वेबसाइटीचं आतलं लिखाण उघडायचो, छापायचो आणि कागदाची भेंडोळी घेऊन एसटीनं नांदगावला जायचो. ताई भिंग घेऊन एकेक शब्द लावायची. "हेड म्हणजे डोकं. बॉडी म्हणजे अंग. डोक्यातलं पानावर दिसत नाय, अंगावरचं दिसतं. तुझं उलटं हे, तुझ्या डोक्यात काय नाय ते लांबूनच दिसतं." असं करत तिनं मला एचटीएमएल शिकवलं आणि मी नाशकात येऊन ते पोरांना विकलं.

एका खेपेला तिनं कागद हातात घेतला. भिंग लावलं. कागद फिरवला, उजेडाकडं धरला, परत फिरवला. मग माझ्याकडं दिला.

"शाई संपलीय का रे तुझ्या मशिनातली?"

कागद काळाकुट्ट भरलेला होता. मी म्हणलो, "हो."

त्यानंतर मी कागद न्यायचे बंद केले. जाणंही कमी केलं. कामं फार असतात हो माणसाला, कुठं जायचं नसलं की.

दोन-तीन वर्षांनी ताई नाशकाला आली दोन महिने. आंधळ्या माणसांना बोलणारा कॉम्प्युटर शिकवणारा वर्ग निघाला होता. पानावर जे असेल ते तो कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा. आई तिला रोज हाताला धरून न्यायची आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. मी एकदाही गेलो नाय. शेजारच्याच गल्लीत माझं दुकान.

त्याच दिवसांत आईच्या चष्म्याची काडी मोडली. चष्मा घेऊन ती दुकानात आली. मला घाई होती, मी पत्रिकेचा एक लाल-सोनेरी गोंडा घेतला आणि काडी बांधून दिली. "आज घाल, उद्या दुरुस्त करून आणतो." गोंडा कानामागं लोंबायचा. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "म्हातारे, कुणाच्या लग्नाला निघालीस?" आई म्हणायची, "पोरगा उद्या नवा आणतोय." ते उद्या चार वर्षं चाललं.

ताईला मात्र तो गोंडा आवडायचा. वर्ग सुटला की ती पायरीवर येऊन हात पुढं करायची, बायकांच्या घोळक्यात आईचा चेहरा चाचपायची. बोटाला गोंडा लागला की हसायची. "सापडली."

आणि मग आई गेली. सकाळी बाजारात बसली होती, दुपारी नव्हती. एवढंच. रामकुंडावर दहावा झाला. ताईनं घरी आल्यावर हार घातलेल्या फोटोची काच चाचपली आणि विचारलं, "कोणता लावलास? चष्म्यावाला?"

"हो," मी म्हणलो.

आता हे सांगायलाच पाहिजे. आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाचा फोटो साफ करायची पद्धत आहे. शेतकऱ्याला कोट चढवायचा, म्हातारीला पैठणी नेसवायची, सुरकुत्या काढायच्या, मागं ढग टाकायचे. लोकांना तसाच लागतो. गेल्यावर तरी माणूस चांगल्या कपड्यात दिसावा. मी पंचवटीतल्या कितीतरी मेलेल्या माणसांना एकच कोट घातलाय.

आईचे माझ्याकडं चारच फोटो होते, दुकानातल्या कॅमेऱ्यावर काढलेले, कागदावर कधी न छापलेले. मी ते साफ करायला बसलो. पैठणी चढवली. सुरकुत्या पुसल्या. पदराला चिकटलेली कोथिंबिरीची काडी पुसली. गोंड्यापाशी आल्यावर हात थांबला नाय. उलट तो मी सगळ्यात आधी पुसला असता, पण तो कानामागं होता, केसांशी जुळवायला वेळ लागला. चांगला अर्धा तास घालवला. इतकं निगुतीनं काम मी गिऱ्हाइकाचंसुद्धा केलं नसेल.

मग सेव्ह दाबलं. कॉम्प्युटरनं इंग्रजीत एक प्रश्न विचारला. कंसात नव्हता, म्हणून मी वाचला नाय. हो दाबलं.

वर्षश्राद्धाच्या आधी डोक्यात आलं, आईचं एक पान करावं. पोरांना पानं करायला शिकवतो, मग आईसाठी नको? दोन आठवडे खपलो. टेबल म्हणजे रांगा-खान्यांचा तक्ता, तसं टेबलाच्या पोटात टेबल, कडेनं फुलांची नक्षी, मधे चार फोटो, आणि आईबद्दल मी लिहिलेला मजकूर. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं, लग्नाची तारीख सोडून. मजकूर कुठंच मोडू नये म्हणून नेहमीच्या युक्तीनं त्याचा फोटो केला आणि चिकटवला. नांदगावला फोन लावला. दाजींच्या बूथवर तोवर कॉम्प्युटर आला होता आणि ताईचं यंत्र आता मराठीही वाचायचं, हिंदी बाईच्या आवाजात.

"ताई, पान उघड. आईचं केलंय."

बराच वेळ नुसतं खुडखुड ऐकू आलं.

"उघडलं का?"

"उघडलं."

"कसं हे?"

"ग्राफिक," ताई म्हणली.

"काय?"

"ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक आय एम जी झिरो झिरो चार. ग्राफिक. मगापासनं हेच म्हणतंय. तू लिहिलंस काय?"

"लय लिहिलंय गं. दोन पानं लिहिलंय."

"फोटो करून चिकटवलंस ना?"

"अक्षर मोडू नये म्हणून," मी म्हणलो.

"गाढवा, अक्षराचा फोटो केला की ते अक्षर राहात नाय. मला घरी बोलावलंस आणि दाराला कुलूप लावून बसलास. घे, कागद घे. लिही."

मी पत्रिकेची पाठ घेतली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, पंधरा वर्षांपूर्वीसारखं.

मजकूर युनिकोडात टायप कर, त्यातलं मराठी कुठल्याच कॉम्प्युटरवर मोडत नाय. पानाच्या सगळ्यात वर भाषा मराठी म्हणून सांग, नायतर मशीन आईचं नाव इंग्रजीत वाचतं. मथळ्याला एच वन, तो एकच, कारण मी मथळ्यावरनं उड्या मारत पान वाचते, तू सात ठेवलेस तर मी सात वेळा दारातच. टेबल काढ, मी अख्खा वेळ रांग एक, खाना दोन ऐकत बसते. जिथं जोर द्यायचाय तिथं स्ट्राँग, नुसतं जाड दिसावं म्हणून नको.

"आणि ती कडेची फुलं हेत ना, त्याचं ऑल्ट रिकामं ठेव. पण ऑल्ट टाकायचंच विसरू नको, नायतर मशीन फाइलचं नाव वाचतं. फुलं मोजायला नाय बसले मी."

"आणि फोटोंचं?"

"फोटोंचं नीट लिही. 'आईचा फोटो' असं नको लिहू, फोटो हे ते मशीन सांगतंच. आत काय हे ते लिही. आई कशी बसलीय, काय नेसलीय, काय करतीय. मला तिचा चेहरा पुसट व्हायला लागलाय रे. आधी आठवायचा, आता जोर लावावा लागतो. चष्म्यावाला घेतलास ना? गोंडा येतो त्यात?"

"येतो की," मी म्हणलो.

चार दिवसांत मी पान नव्यानं केलं. सगळं तिनं सांगितलं तसं. मग दुपारी शटर अर्धं ओढून ऑल्ट लिहायला बसलो. पहिला फोटो उघडला. पैठणीतली एक गुळगुळीत बाई माझ्याकडं बघत होती. कानामागं केस. मी सगळ्या सीड्या काढल्या, कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, जुना कॉम्प्युटर उघडला. मूळ फोटो कुठंच नव्हता. त्या दिवशी जे हो दाबलं होतं, ते ह्यालाच दाबलं होतं. दिवसभर लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस मी, आणि मला एकदाच एक सरळ प्रश्न विचारला गेला होता: जुनं मिटवून टाकू का?

फोन उचलला.

"ताई, फोटोत गोंडा नाय."

"म्हणजे?"

"मी पुसला. सगळ्या फोटोंतनं पुसला. पैठणी चढवलीय. जुने राहिले नाय."

"का पुसलास?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"कुणाला?"

आईला बघणाऱ्यांत एकच माणूस असा होता ज्याला तो गोंडा बघून लाज वाटायची, आणि तो दुकानात बसून फोनवर बोलत होता. ताईनं फोन ठेवला. आपटला नाय, ठेवला. मी आपटल्याची वाट बघत होतो.

दोन आठवडे फोन लावला की दाजी उचलायचे. "ती कामात हे," म्हणायचे. दाजींना खोटं नीट बोलता येत नाय. मागं ती भांडी घासताना ऐकू यायची.

त्या दिवसांत एक पोरगी दुकानात आली, प्रोजेक्ट घेऊन. विचारलं, "सर, ऑल्टमध्ये काय लिहायचं?" मी सवयीनं अंगठा मागं नेला आणि तसाच धरून बसलो. मग उठून भिंतीवरचा कागद फाडला. तिला म्हणलं, "तुला फोनवर कुणी विचारलं, काय दिसतंय गं तिथं, तर काय सांगशील? ते लिही. आणि जे दिसतंय तेच लिही." ती म्हणली, "सर, डोळ्यात काय गेलं का?" मी म्हणलो, "पंखा."

शेवटी लिहिलं. पोरीला एक सांगितलं आणि स्वतः दुसरंच केलं, फोटोत दिसत नव्हतं ते लिहिलं. पहिल्या फोटोचं ऑल्ट मला अजून तोंडपाठ आहे: "आई दुकानाच्या पायरीवर बसलेली आहे. चष्म्याची उजवी काडी मोडलेली, ती मी गोंड्यानं बांधली. मी उद्या दुरुस्त करून आणणार होतो. मी चार वर्षं आणला नाही. मी तो गोंडा फोटोतून पुसला. मी चुकलो."

लिहिताना रडलो, खरं सांगतो. मनात म्हणलं, आता ताई विरघळणार. पान चढवलं आणि दाजींना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मागं तो हिंदी बाईचा आवाज माझी ओळ वाचत होता. 'मी' आला की ती बाई जरा थांबायची.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलं. तीन वेळा."

"मग?"

"फोटोत कोण बसलंय?"

"आई."

"आई एकदा आलीय. तू पाच वेळा. मोजलं मी." तिनं त्या हिंदी बाईला मधेच बंद केलं. "मला आई बघायचीय, तुझं रडणं नाय. पुसण्यात हात चालतो ना तुझा? मग आधी स्वतःला पूस त्यातनं."